पिकअप फोर बाय फोर करताय? आधी गुण्या-ओळंबा, मग वेल्डिंग

जून संपत आला की एखादा तरी फोन येतोच. 'दादा, पिकअप आहे, मुळशीत शेत आहे, खाचराच्या अलीकडेच रुतते. घरच्या घरी फोर बाय फोर होईल का?' होते. मी भोसरीत जिग-फिक्स्चरचं काम करतो. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे मित्राच्या शेतावरच्या जुन्या पिकअपला फोर बाय फोर करायचं, म्हणजे मागच्या चाकांसोबत पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ द्यायचं काम आम्ही गुरुवारी-गुरुवारी केलं. अकरा महिने लागले. त्यातलं वेल्डिंग मोजून चार दिवसांचं. बाकीचा वेळ सुटे भाग शोधण्यात, मापं घेण्यात आणि चुकीचं जोडलेलं पुन्हा कापण्यात गेला. म्हणून इथे मी मापांवरच जास्त बोलणार आहे. हा नाद लागतो तो वेल्डिंग येणाऱ्यांनाच, आणि हातात होल्डर असला की माणसाला मोजायचा कंटाळा येतो.

आधी कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात लिहिलेला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे म्हणून तिथून घरच्या गाडीवर शिक्का मारून आणता येईल, अशी काहींची समजूत असते. तिथली तपासणी निर्मात्यांच्या मॉडेलसाठी असते, तुमच्या-माझ्या अंगणातल्या प्रयोगासाठी नव्हे.

आमच्या मित्राची पिकअप फिटनेस संपलेली. त्याने आरटीओत तिची नोंदणी रीतसर रद्द करून घेतली आणि मगच आम्ही ग्राइंडर लावला. ती शेताबाहेर जात नाही. न्यावीच लागली तर दुसऱ्या गाडीवर चढवून. तुमची पिकअप रोज चांदणी चौकातून भाजी घेऊन मार्केट यार्डात जाणार असेल, तर हा लेख इथेच मिटा आणि कारखान्यातूनच फोर बाय फोर आलेली बोलेरो कॅम्पर किंवा जुनी इसुझू व्ही-क्रॉस बघा. हिशेबाने तीच स्वस्त पडेल. खोटं कशाला सांगू?

काय काय लागतं

तीन मोठ्या वस्तू. पुढचा डिफवाला (डिफ म्हणजे डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गोळा) ॲक्सल, म्हणजे ज्याच्या टोकाला स्टिअरिंगचे नकल (चाक वळवणारे सांधे) आहेत आणि आतून शाफ्ट जातात असा. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढे-मागे वाटणारा डबा, ज्यात हाय आणि लो अशी दोन गती असतात. आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद ॲक्सलपर्यंत नेणारी फिरती दांडी, एकाऐवजी दोन किंवा तीन. बाकी सगळं फॅब्रिकेशन म्हणजे या तिघांना एकमेकांशी सुखाने नांदवणं.

गाडीखाली आधी आडवं होऊन बघा. पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतील तर काम घरी जमेल. पुढे विशबोन आणि टॉर्शन बार, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र टांगलेली, असतील तर चासीचा पुढचा भाग नव्याने बांधावा लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

भाग कुठून आणायचे

नियम एकच: त्याच घराण्यातली फोर बाय फोर गाडी शोधा, तीही पूर्ण. नुसता ॲक्सल एकीकडून, ट्रान्सफर केस दुसरीकडून असं केलं की प्रत्येक जोडाला लेथवर जावं लागतं. अपघातात गेलेली, टोटल लॉस झालेली एक अख्खी गाडी घेतली तर ब्रॅकेट, लिव्हर, ब्रेकच्या नळ्या, बोल्टसुद्धा मिळतात. पूर्वी चिखलीच्या कुदळवाडीत हिंडलं की दिवसभरात काहीतरी हाती लागायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली दुकानं पाडली, आता ओळखीपाळखीने शोधावं लागतं. बेअरिंग, ऑइल सील, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) यासाठी नाना पेठ. हत्यारांसाठी बोहरी आळी. मंगळवार पेठेचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे पाने आणि पुलर मिळतात, पण तिथून बेअरिंग घेऊ नका. घासून पुसून चकचकीत केलेलं बेअरिंग ओळखायला माझ्यासारख्यालाही बोट घालून फिरवावं लागतं.

जिप्सीचा ट्रान्सफर केस खूप जणांना मोहात पाडतो, आणि त्याला कारण आहे. जिप्सीत तो गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, वेगळा टांगलेला असतो, मध्ये छोटा शाफ्ट. म्हणजे ॲडॉप्टर बनवायची कटकट नाही. पण १९८५ ची जिप्सी ९७० सीसीची होती, नंतरची १३०० सीसीची, दोन्ही पेट्रोल. आता हिशेब करा. समजा तुमचं डिझेल इंजिन २०० न्यूटन-मीटर देतं आणि पहिला गिअर ४ पट आहे. ट्रान्सफर केसच्या तोंडाशी ८०० पोचले. जुन्या जीपच्या स्पायसर १८ मध्ये लो रेंज २.४६ पट आहे, तशा डब्यातून बाहेर पडताना ते १,९०० च्या वर जातात. त्यात मागे खताची पोती. छोट्या गाडीसाठी बनवलेले दाते हे किती दिवस सोसतील?

जीपचा डबा दणकट, पण त्याची वेगळी खोड आहे. तो मागचा शाफ्टसुद्धा मधोमध न देता बाजूला देतो, कारण जीपचा मागचा डिफच बाजूला असतो. तुमच्या पिकअपचा डिफ मधोमध असेल तर शाफ्ट तिरका जाणार, वरून-खालून आणि डावी-उजवीकडूनही. विकत घेण्याआधी हे बघा.

बाजू आणि दात

पुढच्या ॲक्सलचा डिफ ज्या बाजूला, त्याच बाजूला ट्रान्सफर केसची पुढची फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) हवी. हे इतकं साधं आहे की लोक विसरतात. मग कुणीतरी सुचवतो की हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) उलटं करून लावू, डिफ डावीकडचा उजवीकडे येईल. येईल, आणि मागची चाकं पुढे जाताना पुढची चाकं गाडी मागे ओढतील. क्राउन (डिफमधलं मोठं दातेरी चाक) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दुसऱ्या बाजूला गेला की फिरण्याची दिशा बदलते.

मग दातांचा हिशेब. पुढच्या आणि मागच्या डिफचा रेशो एकच पाहिजे. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. जुन्या जीपचा ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८, हा आकडा गॅरेजवाल्यांना पाठ असतो. डिफ न उघडताही मोजता येतं. मागची दोन्ही चाकं उचला, घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल. एक चाक मित्राला घट्ट धरायला सांगा. दुसरं चाक हाताने वीस फेरे फिरवा आणि शाफ्टवरची खडूची खूण किती वेळा फिरली ते मोजा. एक चाक धरलेलं असल्यामुळे क्राउन दहाच फेरे फिरतो. शाफ्ट ४१ वेळा फिरला, तर रेशो ४.१. हेच पुढच्या ॲक्सलवर, तो जमिनीवर पडलेला असतानाच करा.

पुढे ४.३ आणि मागे ४.१ असलं तर काय होतं? शंभर मीटर जाताना एक ॲक्सल दुसऱ्यापेक्षा जवळजवळ पाच मीटर जास्त चालायला बघतो. मध्ये डिफ नाही, तेव्हा ती पाच मीटरची भांडणं टायर, क्रॉस आणि डब्याच्या दात्यांमध्ये होतात. टायरही चारही एकाच मापाचे, शक्यतो सारखेच झिजलेले.

चाकाचे बोल्टही मोजा. जुन्या जीपला आणि जिप्सीला पाच बोल्ट १३९.७ मिमीच्या वर्तुळावर असतात. तुमच्या मागच्या चाकांचं वर्तुळ वेगळं असेल तर स्टेपन्या दोन बाळगाव्या लागतील.

कोन, म्हणजे खरं काम

आता सावकाश वाचा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा, मागे नेहमीच्या निम्मा माल. जुना ॲक्सल सोडण्याआधी सगळी मापं घ्या: मडगार्ड ते चाकाचा मध्य, चासी ते जमीन, गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा कल, मागच्या पिनियनचा कल. चुंबकाची कोनमोजणी मिळते, ती घ्या. मोबाइलचं ॲप चालतं, पण फोनच्या कव्हरची कड जाड असली की अर्धा अंश सहज चुकतो. ओळंबा सोडून चासीची मध्यरेषा फरशीवर सुतळीने आणि खडूने काढून ठेवा. आमची ती रेषा महिनाभर पुसू दिली नाही, वहिनींना तिथे झाडू मारायची बंदी होती.

क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असला तर हा लंगडेपणा फिटतो. म्हणून दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, फरक एक अंशाच्या आत. कोन स्वतः एक ते तीन अंश असेल तर उत्तम. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत. ग्रीस भरायला स्लाइड (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढली आणि एक दात सरकून बसवली, तर गाडी अशी थरथरते की इंजिनाचं माउंटिंग गेलं असं वाटतं. काढण्याआधी दोन्ही भागांवर पंचाने खूण करा.

लांब चासीच्या पिकअपला बहुतेक वेळा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, मध्ये सेंटर बेअरिंग. वेगळा टांगलेला ट्रान्सफर केस नेमका तिथे बसतो, ही तुमची जमेची बाजू. पण गिअरबॉक्स आणि डबा यांच्यामधला शाफ्ट फार आखूड करू नका. वीतभर, म्हणजे २३० मिमीच्या शाफ्टला डबा २० मिमी खाली बसला तर ५ अंशांचा कोन पडतो. तीच चूक मीटरभर शाफ्टला जेमतेम १ अंश देते.

पुढे आमची फजिती. पुढच्या ॲक्सलचा पिनियन मागे, डब्याकडे तोंड करून असतो. आम्ही शाफ्ट सरळ यावा म्हणून पिनियनचं नाक वर उचललं, कोन सुंदर आला, आणि हाउसिंगवर पाट्यांच्या बैठका पक्क्या वेल्ड केल्या. शेतात पहिली फेरी मारली. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की डावीकडेच राहायचं, हाताने ओढून सरळ करावं लागायचं. पिनियनचं नाक वर गेलं की किंगपिनचं (चाक जिच्याभोवती वळतं त्या खिळीचं) डोकं पुढे झुकतं, म्हणजे कॅस्टर, किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. आमचा उणे एकवर गेला होता. भोसरीचे आमचे लेथवाले काका हे ऐकून हसले. म्हणाले, "शाफ्टसाठी ॲक्सल फिरवलास बाबा, मग चाकं कुणाच्या भरवशावर सरळ जाणार?" बैठका ग्राइंडरने कापून, घासून, पुन्हा लावायला चार गुरुवार गेले.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी कॅस्टर. जुन्या जीपला तो ३ अंश असे, आम्ही ३ ते ४ मध्ये ठेवला. तो नकलच्या मशीनिंग केलेल्या सपाट तोंडावर मोजा. मग त्या स्थितीत पिनियन कुठे बघतो ते मान्य करा आणि ट्रान्सफर केसचा कल त्याप्रमाणे ठरवा. वेगळ्या टांगलेल्या डब्याचा हाच फायदा, तो थोडा झुकवता येतो. मागे जो फरक पडेल तो मागच्या पाट्यावर लोखंडी पाचर घालून काढा. पुढच्या शाफ्टचा कोन थोडा जास्त राहिला तरी चालतो, कारण तो चिखलात, सावकाश चालतानाच काम करतो. फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे) असले तर एरवी तो फिरतच नाही.

टॅक, मग पुन्हा मोजणी

बैठकांना फक्त टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारा. ॲक्सल पाट्यांवर बसवा, यू-बोल्ट हलके आवळा, चाकं लावा, गाडी खाली सोडा आणि वजन चाकांवर असताना सगळे कोन पुन्हा घ्या. मध्यरेषेपासून दोन्ही चाकं सारख्या अंतरावर आहेत का, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आहे का, ते ओळंब्याने बघा. मग इंजिनाचा सम्प, म्हणजे खालची तेलाची टाकी. पाटे पूर्ण दबल्यावर डिफ सम्पला लागता कामा नये. बम्प स्टॉप (ॲक्सलची वरची हालचाल अडवणारा रबर) काढून जॅकने ॲक्सल वर ढकलून बघा, आणि जिथे अडेल त्याच्या बोटभर आधी बम्प स्टॉप थांबवेल असा लावा.

पक्कं वेल्डिंग करताना दोन गोष्टी सांभाळा. हाउसिंगच्या नळीवर एकाच बाजूला सलग वेल्ड मारला की ती थंड होताना धनुष्यासारखी वाकते, आणि वाकलेल्या नळीत शाफ्ट सील खातो. इंचभर एका बाजूला, इंचभर दुसऱ्या बाजूला, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, पुन्हा. ७०१८ चा रॉड, भट्टीत सुकवलेला. दुसरं, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात. बॅटरी सोडा, ईसीयू असेल तर त्याचा सॉकेटही काढा. डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या जवळ असतील तर आधी बाजूला करा. वाळूची बादली हाताशी. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, घोडीच पाहिजे, हे मी दहादा म्हणेन.

डिफच्या ओतीव भागावर, नकलवर, स्टिअरिंगच्या आर्मवर वेल्डिंग नाही म्हणजे नाही. तिथे लांबी कमी पडली तर दुसरा फोर्ज केलेला भाग शोधा. ड्रॅग लिंक आणि टाय रॉड या स्टिअरिंगच्या दांड्यांच्या सांध्यांना कॉटर पिन घालायला विसरू नका.

ट्रान्सफर केसचा आडवा क्रॉसमेंबर चासीला वेल्ड न करता बोल्टने लावा. आम्ही ६ मिमीची पट्टी, १०.९ ग्रेडचे बोल्ट वापरले. क्लच सोडला की डबा उलटा फिरायला बघतो, लो रेंजमध्ये तर जोरातच, म्हणून तीन रबरी माउंटिंग आणि त्यातलं एक शक्य तितकं लांब.

शाफ्ट आणि ब्रेक

शाफ्ट घरी कापून जोडू नका. मापं घेऊन जा, प्रोपेलर शाफ्ट बनवणाऱ्याकडून नळी जोडून मशीनवर बॅलन्स करून घ्या. माप फ्लँज ते फ्लँज, गाडी चाकांवर उभी असताना. स्लाइड तेव्हा मध्यावर हवी, म्हणजे पाटे दबले की आत जायला आणि चाक खड्ड्यात लोंबलं की बाहेर यायला दोन्हीकडे जागा राहते.

ब्रेकमध्ये काटकसर नको. जुन्या हलक्या जीपचे ड्रम घेऊन एक-दीड टन माल वाहणारी पिकअप थांबवायची नसते. ब्रेक पिकअपच्याच वजनाचे हवेत. होज इतके लांब की ॲक्सल पूर्ण लोंबलेला असताना आणि स्टिअरिंग टोकाला असताना ताणले जाऊ नयेत. स्टिअरिंगचे स्टॉप बोल्टही तेव्हाच लावा, चाक जास्त वळलं तर आतला जॉइंट अडकून तुटतो.

पहिली फेरी

चारही चाकं घोडीवर, गाडी पक्की अडवलेली. तेल भरलेलं आहे ना, ट्रान्सफर केसमध्येही? डब्याला कोणतं तेल लागतं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा, सगळ्यांना एकच चालत नाही. पहिल्या गिअरमध्ये फोर-हाय टाका आणि चारही चाकं एकाच दिशेने फिरताहेत का बघा. हसू नका, बघा. मग आवाज ऐका. लांब पान्याचं टोक हाउसिंगला आणि दुसरं कानाला लावलं की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते कळतं.

जमिनीवर आल्यावर फोर बाय फोर फक्त मातीत, चिखलात, ओल्या गवतावर वापरायचा. डांबरी रस्त्यावर किंवा काँक्रीटच्या अंगणात वळण घेतलं की दोन्ही ॲक्सल एकमेकांना पिळतात आणि लिव्हर बाहेर येत नाही. लिव्हर अडकलीच तर चारेक मीटर सरळ मागे घ्या, सुटते.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट आवळा, कारण पाटे बसतात आणि ते हमखास ढिले होतात. मग तेल काढून बघा. थोडी चांदी दिसणारच, पण तुकडे दिसले तर थांबा.

आमचं पहिलं तेल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. ओढ्यातून जाताना गरम डिफ एकदम थंड होतो, आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरच्या (हवा ये-जा करायच्या) भोकातून पाणी आत ओढलं जातं. तेव्हापासून दोन्ही डिफच्या आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरला नळ्या लावून वर बॉनेटखाली नेल्यात. वायपरच्या पाण्याची जी बारीक रबरी नळी असते, तीच चालते. टोक खाली वळवून बांधा, नाहीतर बॉनेटखालची धूळ आत जाते.